घसा कोरडा पडला म्हणजे पाणी कमी पडलं असं नाही: स्कूबाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मालवणात पहिल्यांदा स्कूबा केला तेव्हा किती मासे दिसले ते आता आठवत नाही. आठवतो तो घसा. पाण्याखाली जाऊन पाच-सात मिनिटं झाली असतील, जीभ टाळूला चिकटायला लागली. आवंढा गिळावा म्हटलं तर तोंडात गिळण्यासारखं काहीच नाही. आजूबाजूला अख्खा अरबी समुद्र आणि तोंडात भाजलेला पापड. वर आल्यावर बोटीवरच्या दादाला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "तुमी सकाळी पाणी पिऊक नाय काय?"

ते मी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बोटीत चढण्याआधी लिटरभराची बाटली उभ्या उभ्या संपवली. घसा आदल्या दिवशीइतकाच कोरडा पडला. वर पोटात पाणी डुचमळत होतं ते वेगळंच, आणि वेटसूटची चेन बंद झाल्यावर वीस मिनिटांत अशी घाईची लागली की खालच्या प्रवाळाकडे लक्षच लागेना.

पुढे रीतसर ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, कोर्स केला, बऱ्याच डाइव्ह झाल्या, तेव्हा कुठे हा गुंता सुटला. घसा कोरडा पडणं ही एक गोष्ट आणि अंगातलं पाणी कमी होणं ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी होतात म्हणून आपण त्यांची गल्लत करतो. पहिलीचा उपाय श्वासात आहे. दुसरीचा बाटलीत आहे खरा, पण तो आदल्या संध्याकाळपासून सुरू करावा लागतो. मालवण-तारकर्लीत पंधरा-वीस मिनिटांची पहिली डाइव्ह करणारे, किंवा कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान, लक्षद्वीपला जाऊन कोर्स करायचा विचार असलेले, अशांसाठी हे लिहितोय.

टाकीतल्या हवेत पाणी का नसतं

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा सार्वत्रिक समज आहे. तसं नाही, आपली रोजचीच हवा असते, दाबून भरलेली. कॉम्प्रेसर ती दाबतो आणि दाबता दाबता तिच्यातला ओलावा काढून टाकतो. हे मुद्दाम केलेलं असतं. ओली हवा आत गेली तर टाकी आतून खराब होते, स्टीलची असेल तर गंजते, आणि थंड पाण्यात रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा दाब कमी करून तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राच्या) आत बर्फ धरून तो अडकायची भीती असते.

किती कोरडी म्हणाल? श्वास घेण्याच्या हवेचं युरोपातलं मानक २०० बारपर्यंतच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) टाकीत घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम ओलावा चालवून घेतं. ५० मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचा एक थेंब. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तेवढ्याच जागेत वीस-बावीस ग्रॅम वाफ असते. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची. ती २०० बारला भरली की आत सुमारे २,२०० लिटर हवा बसते. म्हणजे एक टाकी भरताना जवळजवळ कटिंग चहाएवढं पाणी बाहेर टाकलं जातं आणि आत उरतात दोन थेंब. कॉम्प्रेसर चालू असताना मधूनमधून फस्स करून पांढुरका फवारा सोडतात, तो म्हणजे हेच पाणी, थोडं तेल मिसळलेलं. डाइव्ह सेंटरच्या मागच्या बाजूला कधी उभे राहिलात तर बघा.

ही हवा रेग्युलेटरमध्ये येते तेव्हा २०० बारवरून एकदम दहाएक बारवर उतरते, आणि पसरताना गार होते. म्हणजे कोरडी तर होतीच, आता थंडही झाली. त्यात नाक मास्कच्या आत बंद. एरवी बाहेरची हवा कोमट आणि ओली करून आत सोडायचं काम नाक करतं. इथे नाकाला सुट्टी आणि सगळा भार तोंडावर नि घशावर, ज्यांना त्या कामाची सवय नाही.

मग अंगातलं पाणी जातं कुठून

घशातून फार जात नाही. साधा हिशोब करून बघा. फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या हवेत लिटरमागे जास्तीत जास्त ४४ मिलिग्रॅम वाफ असू शकते. नवखा माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. पाऊण तासात झाली ९०० लिटर. वाफेचा कणन् कण आपल्या अंगातून गेला असं मानलं तरी आकडा ४० ग्रॅमवर थांबतो, म्हणजे अडीच-तीन मोठे चमचे पाणी. मालवणच्या वीस मिनिटांच्या डाइव्हमध्ये त्याच्या निम्मंही नाही. (खोल गेल्यावर टाकी दुपटीने रिकामी होते तसा ओलावाही दुपटीने जात असणार, असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं होत नाही. हवेत वाफ किती मावते ते तापमानावर ठरतं, दाबावर नाही.)

तीन चमच्यांनी कुणी कोरडं पडत नाही. पाणी जातं ते दुसऱ्या वाटांनी.

सगळ्यात मोठी वाट म्हणजे लघवी. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याचा दाब हातापायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, अर्धा ते पाऊण लिटर सहज. हृदयाला वाटतं, अंगात पाणी फार झालंय. ते मूत्रपिंडांना निरोप धाडतं की जादा पाणी काढा. जादा काही नसतंच, नुसती जागा बदललेली असते, पण मूत्रपिंडं हुकमाची ताबेदार. थंडी वाजत असेल तर त्यात भर. म्हणून पोहण्याच्या तलावातसुद्धा सारखं जावंसं वाटतं. तुम्ही कमी पाणी प्यायलात तरी हे व्हायचंच.

दुसरी वाट घाम. मार्च-एप्रिलमध्ये तीन मिलिमीटरचा काळा वेटसूट घालून होडीत अर्धा तास उन्हात बसून बघा. तिसरी उलटी. नेत्राणीला जायला मुर्डेश्वरहून तास-दीड तास बोटीत बसावं लागतं. त्यात लाट असली तर सकाळचं सगळं पाणी कठड्यावरून परत समुद्रात.

आदल्या संध्याकाळी

पुण्या-मुंबईची बहुतेक मंडळी रात्रीच्या बसने नाहीतर कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवणात येतात. बसमध्ये सोय नाही म्हणून संध्याकाळपासूनच पाणी बंद. रात्रभर एसीचा कोरडा झोत तोंडावर. सकाळी सहाला उतरायचं, चहा ढोसायचा आणि आठच्या बॅचला हजर. ही मंडळी बोटीत चढतानाच एक-दीड लिटरने मागे असतात, आणि मग घशाच्या नावाने खडे फोडतात. माझा सरळ सल्ला आहे: ज्या सकाळी पोचाल त्या सकाळी डाइव्ह ठेवू नका. एक रात्र मुक्काम करा. जमतच नसेल तर निदान दुपारची बॅच घ्या.

मुक्कामाची रात्र असली की दुसरा प्रश्न उभा राहतो. सुरमईचं ताट समोर, समुद्राचा वारा, आणि कुणीतरी बिअर मागवतोच. उद्या डाइव्ह असेल तर ती उद्या संध्याकाळी प्या. दारू मूत्रपिंडांना पाणी टाकायला लावते, झोप उथळ करते आणि सकाळी मळमळ देते, म्हणजे वरच्या तीनपैकी दोन वाटा एकदम उघडते. सुरमई मात्र खुशाल खा. तिखट जरा बेताने.

रात्री झोपताना सारखं पाणी पीत बसायची गरज नाही. दिवसभरात नेहमीसारखं प्यायलं असेल तर जेवणानंतर एक-दोन ग्लास पुरे. खोलीत एसी असेल तर २६-२७ वर ठेवा आणि झोत तोंडावर येऊ देऊ नका. तोंड उघडं ठेवून घोरणारे सकाळी अर्धा घसा गमावूनच उठतात.

सकाळी, घड्याळ समोर ठेवून

समजा नऊला पाण्यात उतरायचंय.

साडेसहाला उठल्यावर दोन ग्लास पाणी, सावकाश. त्यानंतर साडेआठपर्यंत मध्येमध्ये घोट घोट करून आणखी एक-दोन ग्लास. साडेआठनंतर फक्त तोंड ओलं करण्यापुरतं. वेटसूट चढवायच्या आधी शेवटचं स्वच्छतागृहात जाऊन यायचं, आली असो वा नसो. एवढंच वेळापत्रक आहे. मी त्या दिवशी केलं तसं लिटरभर एकदम ढोसलं तर शरीराला ते ठेवून घेता येत नाही, लगोलग बाहेर टाकतं. आणि हे नुसतं गैरसोयीचं नाही. पाण्यात असताना फुप्फुसात द्रव साठायचा एक दुर्मीळ पण गंभीर प्रकार असतो. उतरण्याच्या तोंडावर खूप पाणी पिणं हे त्याच्या संशयित कारणांपैकी एक मानतात. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं आणि आधी डॉक्टरांशी बोलावं.

पुरेसं झालं की नाही ते लघवीचा रंग सांगतो. फिकट लिंबाच्या सरबतासारखा असेल तर ठीक, चहासारखा असेल तर डाइव्ह पुढे ढकला. बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्यांनी रंगावर जाऊ नये, त्यांची काहीही झालं तरी पिवळीजर्दच.

चहा-कॉफीला लोक उगाच घाबरवतात. ज्याला रोजची सवय आहे त्याचं एका कपाने काही बिघडत नाही. उलट चहा न मिळाल्याने डोकं दुखायला लागलं तर पाण्याखाली जास्त त्रास. एक कप घ्या, तीन नको.

नाश्ता हलका. घावणे-चटणी, केळं, पोहे. मिसळ नको, वडे नकोत. उपाशीही जाऊ नका, रिकाम्या पोटी बोट जास्त लागते.

आता गोळीचं. बोट लागते म्हणून बरेच जण औषधाच्या दुकानातून उलटीची गोळी घेऊन येतात. प्रोमेथाझिन आणि त्या जातीच्या गोळ्यांनी झोप येते आणि तोंडाला कोरड पडते. सर्दीसाठी नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचंही तेच, तोंड सुकवतात. "मी एवढं पाणी प्यायले तरी घसा कसा कोरडा?" असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारतो, सकाळी कुठली गोळी घेतली? निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना डाइव्हिंगबद्दल सांगून घ्या, आणि ती आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघा, म्हणजे किती सुस्ती येते ते कळेल. सर्दी झालेली असेल तर गोळीचा विचारच सोडा आणि डाइव्हचाही. कान मोकळे होत नाहीत.

होडीवर सोय नसते, त्याचं काय

हा विषय कुणी काढत नाही. होडीवर स्वच्छतागृह नाही हे माहीत असल्याने बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. माझी बहीण पहिल्या वेळी सकाळपासून एक घोट पाणी न पिता आली होती, आणि डाइव्हनंतर दुपारभर डोकं धरून बसली. इलाज पाणी तोडणं नाही, वेळ साधणं आहे. वरचं वेळापत्रक पाळलं तर दोन-अडीच तास निभतात. बुकिंग करतानाच विचारा: कपडे बदलायची जागा किनाऱ्यावर आहे का, होडीत एकूण किती वेळ बसायचं, तुमचा नंबर कितवा. आठ जणांच्या होडीत शेवटचा नंबर म्हणजे दीड-दोन तास उन्हात. अडचण सांगून पहिला नंबर मागून घ्यायला लाजू नका.

आणि तरीही पाण्यात असताना लागलीच, तर जगभरचे डाइव्हर काय करतात ते तुम्हाला कळेलच. समुद्र मोठा आहे. वेटसूट भाड्याचा असेल तर वर येण्याआधी गळ्याशी जरा ताणून आत समुद्राचं पाणी खेळवा, एवढी माणुसकी पुरे.

होडीत बसल्यावर

नंबर येईपर्यंत वेटसूट कमरेपर्यंतच घाला. वरचा भाग शेवटच्या पाच मिनिटांत चढवा. टोपी, सावली, आणि अंगावर अधूनमधून समुद्राचं पाणी. तासाला अर्धा लिटर घाम बसल्या जागी गेला असता, तो असा वाचवलेला परवडतो.

नंबर जवळ आला की गोड्या पाण्याची चूळ भरा. रेग्युलेटरचं माउथपीससुद्धा, म्हणजे तोंडात धरायचा रबरी भाग, गोड्या पाण्याने धुवून मागा. तुमच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडात होतं, हे एक कारण झालं, आणि आत राहिलेले चार-दोन थेंब पहिल्या काही श्वासांना ओलावा देतात, हे दुसरं. च्युइंगगम, खडीसाखर, लवंग, खोकल्याची गोळी होडीत खुशाल चघळा, पण माउथपीस तोंडात घ्यायच्या आधी थुंकून टाका. पाण्याखाली ती घशात अडकली तर सोडवायला कुणी येऊ शकत नाही.

उतरण्याआधी वरच दोन-तीन श्वास रेग्युलेटरमधून घ्या आणि चव बघा. चांगल्या हवेला चव नसते, वास नसतो. तेलाचा, धुराचा, रबर जळल्यासारखा वास आला तर टाकी बदलून मागा. तो "घसा खवखवतोय" म्हणून सोडून द्यायचा प्रकार नाही. कॉम्प्रेसरने धूर आत ओढला असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

पाण्याखाली

इथे खरी घशाची गोष्ट सुरू होते, आणि इथे बाटली कामाची नाही.

माझ्या दुसऱ्या वेळच्या इन्स्ट्रक्टरने उतरण्याआधी एकच वाक्य सांगितलं होतं: "सावकास घेवा, हवा खूप आसा." आजवर ऐकलेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला. नवखा माणूस भीतीने भराभर, उथळ श्वास घेतो. प्रत्येक श्वासाला थंड कोरडी हवा फवाऱ्यासारखी घशाच्या एकाच जागी आपटते. श्वास सावकाश केला की तीच हवा हळू येते आणि वाटेत तोंडातून थोडी ऊब, थोडा ओलावा उचलते. मनात चार मोजत आत घ्या, सहा मोजत बाहेर सोडा. मध्ये श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. हा स्कूबाचा पहिला नियम आहे. रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं.

मग जीभ. तिचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकवा. "ल" म्हणताना टेकतं ना, तसंच. हवा आता जिभेच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून आत येते, थेट घशावर आदळत नाही. जीभ ओली असते, त्यामुळे हवाही थोडी ओली होते. याचा दुसरा फायदा असा की माउथपीसमधून चुकून पाण्याचा थेंब आत आला तर तो जिभेला लागून थांबतो, श्वासनलिकेत जात नाही. घरी आरशासमोर, नाक चिमटीत धरून, तोंडाने श्वास घेत दहा मिनिटं हे करून बघा. पहिली दोन मिनिटं विचित्र वाटतं, मग जमतं.

माउथपीस दातांनी करकचून चावू नका. दात फक्त टेकवायचे, पकड ओठांची. चावून धरलं की जबडा दुखतो, ओठ सुटतात, आणि आवंढा गिळणं आणखी कठीण होतं.

आणि आवंढा गिळता येणं फार महत्त्वाचं आहे, कारण कान मोकळे करायचा तो एक मार्ग आहे. नाक दाबून हळू फुंकणं हा दुसरा. तोंड कोरडं पडलं की गिळणं थांबतं, कान दुखतात, माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, आणि घसा आणखी सुकतो. हे चक्र सुरू व्हायच्या आत थांबा. इन्स्ट्रक्टरला हात आडवा हलवून "जरा गडबड आहे" अशी खूण करा, मग कानाकडे बोट दाखवा. जागेवर राहा. तोंड बंद ठेवून जीभ हिरड्यांवरून, गालांच्या आतून फिरवा. आणि चिंच आठवा. हसू नका, हे करून बघा. गाभुळलेली, बोटाला चिकटणारी चिंच, तिच्यावर मीठ. हे वाचतानाही तोंडाला पाणी सुटलं असेल. सात मीटरखालीही सुटतं.

समुद्राचं पाणी थोडं आत घेऊन तोंड ओलं करणारे जुने डाइव्हर मी पाहिलेत. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी आहे ते, तहान वाढवतं, आणि चुकून श्वासात गेलं तर ठसका.

ठसका लागलाच, तर हे घोकून ठेवा: रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा. उजव्या हाताने तो तोंडाशी धरून ठेवायचा आणि त्याच्यातच खोकायचं. तो त्यासाठी बनवलेला असतो. खोकलाच काय, उलटीसुद्धा त्यातून बाहेर जाते. दोन-तीन वेळा खोकून झालं की सावकाश श्वास. वर पळायचं नाही. प्रत्येक श्वासाला खळखळ आवाज येत असेल किंवा हवा खारट लागत असेल तर मात्र रेग्युलेटर कुठेतरी गळतोय. खूण करा आणि इन्स्ट्रक्टरबरोबर हळूहळू वर या. बारीक खारट तुषार अर्धा तास श्वासात घेतले तर संध्याकाळी खोकला, कणकण, अंगदुखी होऊ शकते.

दमा असलेल्यांसाठी कोरडी गार हवा ही नुसती गैरसोय नसते, तिने श्वासनलिका आवळू शकतात. मालवणला भरून घेतात त्या फॉर्मवर "दमा आहे का" असा प्रश्न असतो. तिथे खोटं लिहू नका.

काही महागड्या रेग्युलेटरना बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ धरून पुढच्या श्वासाला परत देणारी सोय जोडता येते. रीब्रीदर वापरणाऱ्यांना तर हा प्रश्नच नाही. त्यातली हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्याच्या रासायनिक क्रियेतून उष्णता आणि पाणी दोन्ही तयार होतं. पण पहिल्या पन्नास डाइव्हपर्यंत त्यासाठी खिसा हलका करू नका. जीभ फुकट आहे.

वर आल्यावर

आधी चूळ, मग घोट. तासाभरात अर्धा लिटर पाणी, घाई न करता. खूप घाम गेला असेल किंवा उलटी झाली असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर लागते. शहाळं उत्तम. कोकम सरबत किंवा लिंबू सरबत मीठ घालून. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी असेल तर तीच बरी, एक लिटरची पुडी एका लिटरातच घोळायची. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोलकढी जेवणाबरोबर, दोन डाइव्हच्या मध्ये नारळाचं दूध पोटात घेऊन होडीत बसायचं धाडस मी एकदा केलं, पुन्हा नाही.

दुसरी डाइव्ह असेल तर मधल्या तासात सावलीत बसा. घशात खवखव राहिली तर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. संध्याकाळपर्यंत बरं वाटतं.

शरीरात पाणी कमी असेल तर डीकम्प्रेशन सिकनेसचा (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो असं मानलं जातं. त्याहून कितीतरी मोठी कारणं म्हणजे किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, किती वेगाने वर आलात. भरपूर पाणी प्यायलं म्हणून खोली आणि वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरचा इशारा मोडायची मुभा मिळत नाही.

दुपारी मोकळा वेळ मिळाला तर होडीने सिंधुदुर्गावर जा. १६६४ साली पायाभरणी झालेला किल्ला, चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. सकाळी पापड झालेल्या घशाने त्या विहिरींवर वाकून पाहिलं की किल्ला बांधायच्या आधी पाणी शोधणाऱ्यांबद्दल वेगळाच आदर वाटतो.

घसा समजून सोडून देऊ नका

डाइव्हनंतर आवाज बसला, मान सुजल्यासारखी वाटतेय, त्वचेखाली दाबल्यावर कुरकुर लागतेय, छातीत दुखतंय, धाप लागतेय किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येतोय, तर तो कोरडा घसा नाही. फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. तसंच विश्रांती घेऊन, पाणी पिऊनही न जाणारा थकवा, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या, चक्कर, बधिरपणा याला "पाणी कमी प्यायलं असशील" म्हणून गप्प बसवू नका. लगेच इन्स्ट्रक्टरला सांगा, ऑक्सिजन मागा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आज डाइव्ह केली होती, इतके मीटर, इतकी मिनिटं. छोट्या गावात हे वाक्य सांगितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात ती शंका येत नाही.

माझ्या पिशवीत

लिटरभराची स्टीलची बाटली, बाहेरून ओल्या फडक्याने गुंडाळलेली, म्हणजे उन्हातही पाणी गार राहतं. ओआरएसच्या दोन पुड्या. दोन केळी. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी. खडीसाखरेची पुडी, होडीपुरती. स्वतःचं माउथपीस, ते सुटं विकत मिळतं, फार महाग नसतं, आणि इन्स्ट्रक्टर दोन मिनिटांत बसवून देतो. गेल्या खेपेला बहिणीने माझ्याआधी स्वतःचं घेतलं, आणि होडीत पहिला नंबरही तिनेच मागून घेतला.